‘उद्या सांगते’ची वही

३१ मे २०२४ ला मी पोस्टातून निवृत्त झाले. अडतीस वर्षं काउंटरवर आवर्ती ठेवी, एनएससी आणि किसान विकास पत्रं हाताळली. चक्रवाढ व्याज बोटांवर बसलेलं. त्यामुळे १८ जूनच्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांची सातवीतली मुलगी वही घेऊन वर आली, तेव्हा मला वाटलं, सातवीचं गणित, त्यात काय एवढं!

“आजी, ऋणला ऋणनं गुणलं की धन का येतं?”

“तसा नियमच आहे.”

“हो, पण का?”

मी दहावी झाले १९८० साली. तेव्हापासून हा नियम वापरतेय, आणि ‘का’ हे मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं. “उद्या सांगते,” म्हटलं आणि तिला लाडू देऊन वाटेला लावलं. रात्री साडेअकरापर्यंत जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानावर रेघोट्या ओढत बसले होते.

सकाळी जे सुचलं ते पोस्टातलंच होतं. तुझ्या बाबांच्या खात्यातून दर महिन्याला दोनशेचा हप्ता कापला जातो, म्हणजे उणे दोनशे. तीन महिने मागे जा, म्हणजे उणे तीन. तेव्हा खात्यात आजच्यापेक्षा किती जास्त होते? “सहाशे,” ती म्हणाली. उणे तीन गुणिले उणे दोनशे, अधिक सहाशे. तिनं मान हलवली, पण चेहऱ्यावर पटल्याचं दिसत नव्हतं. तिच्या बाबांचं खातंच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

हे सगळं लिहायचं कारण असं की गेल्या काही महिन्यांत तीन-चार ओळखीच्या निवृत्तांनी विचारलं, मुलांच्या शंका सोडवायला बसायचं तर काय काय लागतं. शिकवणी वेगळी, शंका सोडवणं वेगळं. शिकवणीत धडा आपण निवडतो. शंकेत समोरचा निवडतो, आणि आपण उघडे पडतो.

जुलै संपेपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत सात मुलं यायला लागली. मी एक वही घातली. पोस्टाची सवय, आवक-जावक असल्याशिवाय चैन पडत नाही. रकाने चार : तारीख, इयत्ता, प्रश्न, उत्तर दिल्याची तारीख. ज्याचं उत्तर तिथल्या तिथे येत नसे तो प्रश्न या वहीत जायचा. मुलांनीच तिचं नाव ‘उद्या सांगते’ ठेवलं. सुरुवातीला लाज वाटायची. मग लक्षात आलं की वहीत आपला प्रश्न गेला की मुलांची कॉलर ताठ होते : आजीला अडवलं!

पहिली मोठी फजिती जुलैतच झाली. सुनीता विल्यम्स ५ जूनला अंतराळ स्थानकाकडे गेल्या होत्या, आठवडाभरासाठी म्हणून, आणि परतीचं काही ठरत नव्हतं. नववीतल्या एका मुलानं विचारलं, “त्या तिथं तरंगतात कशा?” मी बिनधास्त सांगून टाकलं, “तिथं गुरुत्वाकर्षण नाही ना.” पोरगं क्षणभर गप्प बसलं. मग म्हणालं, “मग स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशानं?”

वहीत गेलं. रात्री दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मोबाइलवर उघडलं. (बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. पाचवी ते दहावीची एकदम उतरवून ठेवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची. कशाला, ते पुढे सांगते.) स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० धरली तर ६,४०० भागिले ६,८०० चा वर्ग, गुणिले ९.८. उत्तर आलं ८.७ च्या आसपास. म्हणजे इथल्या गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ नव्वद टक्के तिथंही आहे! तरंगायचं कारण वेगळंच. स्थानक आणि त्यातली माणसं सतत एकत्र पडत असतात, फक्त आडवा वेग इतका की जमीन गाठत नाहीत.

हे शब्दांत सांगून कुणाला पटणार? म्हणून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीला तळाशी खिळ्यानं भोक पाडलं, पाणी भरलं, झाकण उघडं ठेवलं. हातात धरली की धार लागते. गॅलरीतून खाली सोडली की पडताना धार बंद. खाली शिंपीदादा बादली घेऊन उभे. सात वेळा सोडायला लागली, कारण प्रत्येकाला स्वतः बघायचं होतं. “काल मी चुकीचं सांगितलं होतं,” हे वाक्य त्या दिवशी मी पहिल्यांदा मुलांसमोर म्हटलं. जड गेलं. अडतीस वर्षं काउंटरच्या आत बसल्यावर चूक कबूल करायची सवय राहत नाही.

ऑगस्टमध्ये जिन्यातल्या चपलांवरून शेजाऱ्यांची कुरबुर सुरू झाली. त्यांचंही बरोबर होतं. वॉर्डातलं समाजमंदिर बंदच असतं, तर ते मागावं असं ठरलं. कृष्णाकाठचं आमचं तालुक्याचं गाव, नगरपालिका चालत दहा मिनिटांवर. ५ ऑगस्टला अर्ज दिला. सोबत आधारची प्रत, निवृत्तीचं पत्र, मुलांची यादी आणि पालकांच्या सह्या. लिपिक म्हणाले, लहान मुलं आहेत, चारित्र्य पडताळणीचा दाखला जोडा. मला आधी राग आला. घरी येताना वाटलं, विचारलं तेच बरोबर. हा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून करायचा असतो, मग स्थानिक ठाण्यातून बोलावणं येतं. मला सोळा दिवस लागले. ठाण्यातल्या हवालदारानं जाता जाता विचारलं, “माझ्या पोरीला अपूर्णांक येत नाहीत, पाठवू का?” पाठवली. ती अजून येते.

अर्ज देताना एक करा : आपल्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या. मी स्वतः सरकारी खात्यातली असून पहिल्या दिवशी विसरले आणि पुन्हा फेरी मारली. पालिकेत तेव्हा नगरसेवक नव्हतेच, प्रशासकांचा कारभार. त्यामुळे वशिला लावायलाही कुणी नाही, फाइल मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत आपल्या गतीनं जायची. सप्टेंबरात तीन फेऱ्या झाल्या. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि लिपिकांनी हात जोडले, “आता निकालानंतर या.”

तोपर्यंत मारुतीच्या देवळाची ओवरी. गुरवांनी नऊ वॅटचा दिवा लावू दिला. सातला आरती, म्हणून आमची वेळ साडेपाच ते पावणेसात. गणपतीचे दहा दिवस मंडळाच्या स्पीकरपुढे कुणाचा आवाज कुणाला जाईना, सुट्टीच दिली. या ओवरीवर मला एक गोष्ट समजली, ती मी आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. मूल जो प्रश्न विचारतं तिथं त्याचं अडलेलं नसतं. दहावीचा मुलगा वर्गसमीकरण घेऊन येतो, आणि खणत गेलं की खाली पाचवीचा अपूर्णांक निघतो.

हवालदारांच्या मुलीचंच बघा. १/२ अधिक १/३ बरोबर २/५. वरच्यात वरचे, खालच्यात खालचे. मी लसावि काढून दाखवला, तिनं उतरवून घेतला, पुढच्या गणितात पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी गणित बाजूला ठेवलं आणि विचारलं, “अर्धी भाकरी ताटात आहे. आईनं आणखी एक तुकडा वाढला. आता ताटात अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?” “जास्त.” “तुझे दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?” तिनं बोटांवर मोजलं, थांबली, आणि स्वतःच स्वतःचं उत्तर खोडलं. ते खोडणं तिचं स्वतःचं होतं, म्हणून टिकलं. लसावि मग पाच मिनिटांत आला.

तसंच ०.२५ आणि ०.३. पंचवीस मोठे, तीन लहान, म्हणून ०.२५ मोठं. मी सरळ पैशांवर गेले : पंचवीस पैसे आणि तीस पैसे. समोर सगळे ढिम्म. चार आण्याचं नाणं जून २०११ मध्ये चलनातून गेलं, ही पोरं त्याच सुमाराला जन्मलेली! मग शिंपीदादांची टेप आणली. मीटरचा ०.३ म्हणजे तीस सेंटिमीटर, ०.२५ म्हणजे पंचवीस. उदाहरण मुलाच्या घरातलं हवं, आपल्या आठवणीतलं चालत नाही. हे कळूनही मी वर्षभर अधूनमधून चवली-पावली काढतच होते.

भाषेचा घोळ निराळाच. आमच्याकडची बरीच मुलं सेमी-इंग्रजीची. मी ‘त्वरण’ म्हणते, ते ‘ॲक्सिलरेशन’. मी ‘संवेग’, ते ‘मोमेंटम’. मी ‘लसावि’ म्हटलं की एखादं हसतं. म्हणून दोन्ही माध्यमांची पुस्तकं. धडे तेच, आकृत्या त्याच, एका डोळ्यानं इकडे, दुसऱ्यानं तिकडे. आणि मराठी आकडे! “एकोणऐंशी लिही,” म्हटलं की ८९ येतं. ऐंशी ऐकू येतं, त्याच्याआधी ‘एकोण’ म्हणजे काहीतरी नऊ. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पोस्टात चहाच्या वेळी मीही नाकं मुरडणाऱ्यांत होते. गणिताच्या समितीवर गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या, त्या शांतपणे कारण सांगत होत्या, ते मी ऐकून घेतलं नव्हतं. आता ८९ लिहिणारी पोरं रोज समोर बसतात तेव्हा ‘पंचवीस’ मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहावे लागतात, हे मला नव्यानं दिसतं. मी मधला रस्ता काढला : आधी ‘सत्तर आणि नऊ’, लिहून झालं की ‘एकोणऐंशी’.

उलट, माझ्या वडिलांनी पाठ करून घेतलेली दिडकी आणि सवायकी, म्हणजे दीडपटीचे आणि सव्वापटीचे पाढे, मुलांना भलतीच आवडली. सात दिडे साडेदहा, आठ दिडे बारा. एक मुलगा बाजारात दीड किलो कांद्याचा हिशेब दुकानदाराच्या आधी करून आला आणि आठवडाभर तेच सांगत होता.

परवानगी ४ डिसेंबरला हातात आली. अकरा महिन्यांसाठी, दरमहा ५०० रुपये देखभाल आणि २,००० रुपये अनामत. फळा १,४५०, दोन सतरंज्या १,१००, झेरॉक्स सगळी मिळून ६४०, मल्टिमीटर २८०, दोन भिंगं १२०. मार्चअखेर बेरीज ७,५९०, त्यातली अनामत परत मिळेल. मल्टिमीटर घ्याच. दहावीच्या मुलांना ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा बॅटरी आणि वायरीसह दाखवला की अर्ध्या शंका तिथंच मिटतात. आणि विजेचं बिल : युनिट म्हणजे किलोवॅट-तास, हे शिंपीदादांच्या हजार वॅटच्या इस्त्रीवरून असं बसलं की मुलगी आता बाबांना इस्त्री बंद करायला लावते. दादा माझ्यावर नाराज आहेत.

सगळं गोड नव्हतं. एका पालकांनी सांगितलं, “तुम्ही उत्तरं लिहून देत नाही, क्लासवाले नोट्स तरी देतात,” आणि मुलगा बंद केला. वाईट वाटलं, पण त्यांची बाजूही समजत होती. दुसरं, मी दाखवलेल्या रीतीनं सोडवल्यामुळे एका मुलीचे चाचणीत दोन गुण गेले. मी शाळेत जाऊन बाईंना भेटले. त्यांचं म्हणणं, परीक्षेत पुस्तकातल्या पायऱ्या दिसायला हव्यात. तेव्हापासून मी आधी पुस्तकाची रीत, मग माझी. दुखावलेला अहंकार कपाटात ठेवला. तिसरं, मोबाइल. गणिताचा फोटो काढला की उत्तर हजर. मी मनाई केली नाही. एवढंच विचारते, “तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली ते सांग.” सांगता आलं तर चालेल. बहुतेकदा नाही येत, आणि तिथून आमचं काम सुरू होतं.

समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत डिसेंबरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडल्या. बीडकडची माणसं, मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन दर हंगामात येतात. एका संध्याकाळी दारात बारा-तेरा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर चपला काढून उंबऱ्यापाशीच बसला. दिवा होता म्हणून आला होता. सहावीत नाव गावाकडे, इथे शाळा नाही. लिहिणं कच्चं, अक्षर सुटं सुटं.

त्या दिवशी कुणीतरी तोच जुना प्रश्न काढला होता, ऋण गुणिले ऋण. मी माझी आवर्ती ठेव घेऊन सुरू झाले. उंबऱ्यावरून आवाज आला, “उचलीसारखं का?”

“सांग बरं.”

“उचल घेतल्याली अंगावर. त्यात दर आठवड्याला आठशे खर्ची घ्यायची मुकादमाकडनं, तीबी अंगावर चढती. म्हंजी आठशेनं खाली. तीन आठवडे मागं गेलं तर चोवीसशेनं बरं व्हतं.”

मी फळ्यावर लिहिलं : −३ × −८०० = +२४००. शिंपीदादांची मुलगी, जिनं जूनमध्ये मला हे पहिल्यांदा विचारलं होतं, ती म्हणाली, “आजी, हे कळलं.” सहा महिन्यांनी. माझ्या आवर्ती ठेवीनं जे झालं नव्हतं ते.

त्याला शाळेत घालायच्या खटपटीत बारा दिवस आणि चार फेऱ्या गेल्या. गावच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड आणलेलं नव्हतं, दाखला नव्हता, वडील पहाटे चारला फडात जायचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, वर्षाच्या मध्येही घ्यावं लागतं. हे मी वाचून गेले होते, पण वाद घालायची वेळ आली नाही. मुख्याध्यापकांनी त्याला दोन बेरजा विचारल्या आणि सहावीत बसवलं. तुमच्या आसपास कोप्या पडत असतील तर जवळच्या सरकारी शाळेत आधी नुसतं बोलून बघा. आम्ही उगाच पहिले दोन दिवस झेरॉक्स गोळा करण्यात घालवले.

२१ फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू झाली. आमच्याकडे दहावीचे दोघेच होते. गणिताचे दोन पेपर, विज्ञानाचे दोन, चाळीस-चाळीस गुणांचे. आदल्या संध्याकाळी त्यांना नवीन काही विचारू दिलं नाही, शेंगदाणे खाऊन घरी पाठवलं. १७ मार्चला पेपर संपले आणि १९ ला सुनीता विल्यम्स परतल्या, त्याची गडबड परीक्षेपेक्षा जास्त झाली. १३ मेच्या निकालात दोघेही पास. गुण लिहीत नाही, त्यात माझं किती ते मला ठरवता येत नाही.

मार्चअखेर वहीत १२७ प्रश्न होते. पाच वगळता सगळ्यांना उत्तराची तारीख पडली आहे. त्या पाचातला एक, क्रमांक ११२, उंबऱ्यावरच्या मुलाचा, फेब्रुवारीतला : बादलीत धुताना कोयता वाकडा का दिसतो? मी अपवर्तन सांगितलं, पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून तो वळतो. तो म्हणाला, “कमी झाला तर सरळच हळू जाईल की. वाकायचं कशाला?”

मी उद्या सांगते म्हटलं. उद्याचा आठवडा झाला, मग महिना. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि एका सकाळी मागची जागा रिकामी दिसली.

उत्तर एप्रिलमध्ये सापडलं. एका आसाला दोन चाकं, ती गुळगुळीत फरशीवरून तिरकी सोडायची, पुढे मखमलीचं कापड. जे चाक आधी कापडावर जातं ते मंदावतं, दुसरं अजून फरशीवर पळतंय, म्हणून जोडी वळते. सरळ समोरून सोडली तर दोन्ही एकदम मंदावतात आणि वळत नाही. मखमल शिंपीदादांनी दिली, चाकं तुटक्या खेळण्याची. हवालदारांच्या मुलीनं व्हिडिओ काढला, तिसऱ्या प्रयत्नात चांगला आला. त्याच्या वडिलांकडे साधा फोन, म्हणून मुकादमाच्या नंबरवर पाठवलाय.

अजून एकच टिक दिसतेय.